कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. समुद्रात जहाजाचे रेखांश काढायचे, तर त्यावरील घड्याळ बिनचूक लागे. बंदरातल्या जहाजांना खगोलवेधांवरून अचूक वेळ पुरवणे, हे या वेधशाळेचे मूळ काम होते.

पुढे ब्रिटनमध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाचे जगभर एकाच वेळी मापन करण्याची मोहीम सुरू झाली. होकायंत्राच्या भरवशावर चालणाऱ्या आरमाराला आणि व्यापारी जहाजांना या माहितीची गरज होती. कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही केंद्रे निवडली. कुलाब्यात एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेचे प्राध्यापक आर्थर ऑर्लिबार यांनी १८४१ मध्ये चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदींना आरंभ केला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ वेधशाळेची धुरा सांभाळली.

तरीही वासाहतिक विज्ञानाची कामवाटणी विषम होती. आकडे वसाहतींत गोळा होत आणि त्यांचे अर्थ लंडनमध्ये लावले जात. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड सॅबाइन यांनी १८५२ मध्ये सौर डाग आणि चुंबकीय खळबळ यांचा संबंध दाखवला, तो टोरांटो आणि होबार्ट येथील नोंदींच्या आधारे. भारतीय साहाय्यकांच्या वाट्याला मुख्यतः यंत्रे वाचण्याचे काम येई. हे काम दिवसरात्र, ठरल्या वेळी आणि न चुकता करावे लागे.

या शिस्तीचे मोल २ सप्टेंबर १८५९ रोजी सिद्ध झाले. त्या दिवशी आलेल्या प्रचंड सौर वादळात कुलाब्यातील चुंबकीय क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली. युरोपातील काही यंत्रांच्या नोंदी मोजपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र घसरण आकड्यांत उतरली. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी याच नोंदींवरून त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले आणि कामवाटणीची जुनी चौकट मोडू लागली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मापन बिघडणार होते. म्हणून मूस यांनी चुंबकीय मापनासाठी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतींसाठी चुंबकीय अंश नसल्याची खात्री करून पोरबंदरचा दगड वापरला आणि बांधकामात लोखंड टाळले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप झाले. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसला आणि नोंदींची साखळी अखंड राहिली. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या आकड्यांचे मूस यांनी केलेले विश्लेषण १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. नोंदी घेणाऱ्या संस्थेनेच आता त्यांचा अर्थही लावला होता.

स्वातंत्र्यानंतर, १९७१ मध्ये, या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था म्हणून उभी राहिली. अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत आजही मोजमाप करते. उपग्रह आणि वीजजाळ्यांना सौर वादळांपासून असलेला धोका जोखताना या दीर्घ नोंदी उपयोगी पडतात. साम्राज्याच्या जहाजांसाठी उभारलेल्या या केंद्राचे विज्ञान टिकले, ते भारतीय निरीक्षकांच्या सातत्यामुळे आणि मूस यांच्या दूरदृष्टीमुळे.