मेदाचे कोठार

सातारा व सांगली हा तालमींचा मुलूख. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. अशा मुलखात पीळदार देहाचे कौतुक व्हावे आणि चरबीस शत्रू मानावे, हे स्वाभाविकच होय. परंतु काही बालके चरबीवाचूनच जन्मास येतात, व त्यांच्या रोगाचा इतिहास या समजुतीस छेद देतो.

अशा मुलांचे वर्णन १९५४ साली ब्राझीलचे वैद्य बेरार्डिनेली यांनी केले; १९५९ साली नॉर्वेचे साइप यांनी त्यात भर घातली. हातापायांचे स्नायू व शिरा ठळक, यकृत वाढल्याने पोट पुढे आलेले, भूक न शमणारी, मान व काखेची त्वचा काळवंडून जाड झालेली, आणि पुढे ऐन तारुण्यात मधुमेह, असे या रोगाचे स्वरूप आहे. पाहणारास बालमल्ल वाटावा, तो वस्तुतः रुग्ण असतो. त्वचेखालील मेद हे शरीराचे कोठार होय. कोठारच नसले म्हणजे आलेले धान्य घरभर पसरावे, त्याप्रमाणे स्निग्धांश यकृतात, स्नायूंत व रक्तात साचतो.

या रोगाचे एक जनुक २००१ साली सापडले. दुसरे २००२ साली डॅलस येथील डॉ. अभिमन्यू गर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. जनुकाची सदोष प्रत आई व बाप या दोघांकडूनही आली, तरच हा रोग प्रकट होतो. वाहक मातापिता स्वतः धडधाकट असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

येथेच या मुलखाच्या चालीरीतींचा संबंध येतो. मामाची मुलगी करण्याची चाल इकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रातील या चालीचा विचार केला आहे. रोग अत्यंत विरळा असल्यामुळे अशा प्रत्येक विवाहाविषयी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच सदोष प्रत वधूवर दोघांच्याही वाट्यास येण्याचा संभव अशा विवाहात वाढतो, हे खरे. म्हणून घराण्यात असे मूल जन्मले असल्यास नात्यातील सोयरीक जुळविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे होय. आणि श्रोत्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, अशा मुलाबद्दल एकट्या सुनेस बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे. दोष दोन्ही बाजूंनी सारखाच आलेला असतो.

उपायही निघाला आहे. मेदातून स्रवणारे व भूक आवरणारे लेप्टिन हे द्रव्य १९९४ साली सापडले. ते २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेदहीन अशा नऊ स्त्री-रुग्णांस चार महिने दिले असता रक्तातील साखर व मेद उतरले, यकृताचा आकारही घटला. २०१४ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. औषधाने नवे कोठार बांधले जात नाही. पण घरभर झालेली नासाडी बरीच आवरता येते. त्याकरिता रोग वेळीच ओळखला पाहिजे, आणि पीळदार दिसणारे प्रत्येक मूल निरोगीच असते, हा भ्रम प्रथम सोडला पाहिजे.