तळटीप १४ : ‘दुसरी गाठ वेगळी निघाली’

१४. आसेगाव : मंगरुळपीर तालुक्यातले, १९९८ मध्ये वाशीम जिल्हा होईपर्यंत अकोल्यात. ‘वेगळी’ म्हणजे पहिल्या कर्करोगाची पसरण नव्हे, स्वतंत्र मूळ कर्करोग. वॉरेन व गेट्स यांच्या १९३२ च्या कसोट्या अजून चालतात : दोन्ही गाठी निर्विवाद कर्करोगाच्या, एकमेकींपासून अलग, आणि एक दुसरीतून आलेली नाही याची खात्री. खर्रा-तंबाखू खाणाऱ्यांत गालानंतर अन्ननलिकेतही गाठ निघते. अस्तरच ठिकठिकाणी बिघडलेले असते. म्हणून दुसऱ्या गाठीचाही तुकडा तपासायलाच हवा. नुसती पसरण समजली, तर बरा होण्याजोगा रोगी वेदनाशमनावरच राहायचा. ‘शेक’ म्हणजे किरणोपचार. शेकलेल्या जागी पुन्हा पूर्ण मात्रा देणे धोक्याचे, म्हणून येथे डॉक्टर शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात.