आप्पांचा १ जून

तर झालं असं की, आमच्या आप्पांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून आम्ही भावंडांनी शिरपूरच्या घरी पार्टी करायचं ठरवलं. हॉल नको, केटरर नको, घरीच. थीम बहिणीने ठरवली: १९७२. कंदील, बाज, पत्र्याची ट्रंक, मर्फीचा रेडिओ (बंद पडलेला, आतून ब्लूटूथ स्पीकर), मेनूत कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, शेवभाजी. पुण्याहून आणि बंगलोरहून येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप झाला, ड्रेसकोडवर दोन दिवस भांडण झालं. तारीख मात्र कुणी विचारली नाही. आधार कार्डावर १ जून १९५० आहे, आणि २०२५ चा १ जून नेमका रविवारी येत होता. इतकं सोयीचं काही असलं की मला शंका येते. टेस्ट डेटा असाच दिसतो.

आणि तो टेस्ट डेटाच आहे! महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. मुलाला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई-बाप सांगणार, पेरणीच्या वेळचा, किंवा थोरल्याच्या लग्नानंतरचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पोराचा अंदाज घेऊन वय ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या भाषेत, डिफॉल्ट व्हॅल्यू. ती मग दाखल्यावर, सर्व्हिस बुकात, पेन्शनच्या कागदात कॉपी होत गेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची रांग लागते. इतके लोक एकाच दिवशी जन्माला आलेच कसे, हे कुणी विचारत नाही.

खरं तर सामान्य माणसाचा वाढदिवस ही तशी नवीनच गोष्ट. पूर्वी नव्हता असं नाही. शास्त्रात वर्धापनविधी आहे, तिथीला मार्कंडेयाची आणि सात चिरंजीवांची पूजा करून तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. पण त्यासाठी कुणीतरी तिथी लिहून ठेवायला हवी, म्हणजे घरात पत्रिका हवी. बाकी वाढदिवस राजांचे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि आपल्याच खानदेशातून बऱ्हाणपूरला गेला. पुढे १ सप्टेंबर १६१७ ला त्याने मांडूला जहांगीर बादशहाचा वाढदिवस पाहिला. (मांडू म्हणजे शिरपूरहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडून पुढे.) बादशहा हिऱ्यामोत्यांनी मढून तराजूच्या पारड्यात बसला, आणि दुसऱ्या पारड्यात सोनं, चांदी, कापड, धान्य असं एकेक घालून त्याची तुला झाली. सोनं-चांदी होती पिशव्यांत. रोने लिहून ठेवलंय की आत काय आहे ते मला दिसलं नाही, खडेही असतील! चारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस मला आमच्या ऑफिसातल्या ऑडिटरसारखा वाटतो. जहांगीराची तुला वर्षातून दोनदा व्हायची, एकदा सौर तारखेला, एकदा चांद्र तिथीला. आमच्या आप्पांकडे दोन्ही नव्हतं.

सामान्य घरातल्या माणसाचा वाढदिवस जाहीरपणे साजरा व्हायचा म्हणजे काहीतरी अचाट करावं लागे. धोंडो केशव कर्व्यांना १८ एप्रिल १९५८ ला शंभर पूर्ण झाली, तेव्हा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर समारंभ झाला, नेहरू आले, आणि पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं, तेही ते हयात असताना. आता साठी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन सगळ्यांचं होतं. (सहस्रचंद्राचं गणित एकदा करून बघा. २९.५३ दिवसांचा महिना धरला तर हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने.) माणसं जास्त जगायला लागली हे त्याचं एक कारण. आणि जन्माची तारीख माहीत असणं हे दुसरं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठी सक्तीचा कायदा १९६९ चा आहे.

पण त्याच्या आधी काहीच नव्हतं असंही नाही. गावच्या कोतवालाकडे जन्म-मृत्यूची वही असायची, गाव नमुना नंबर १४. आज लोक तिला कोतवाल बुक म्हणतात आणि जातीच्या दाखल्यासाठी तिच्या नकला काढतात. मी विचार केला, आप्पांना गिफ्ट म्हणून खरी तारीखच द्यावी. हातात धागा एकच होता. आजी म्हणायची, "हाऊ पोयाले व्हयना." म्हणजे पोळ्याच्या दिवशी झाला. कुठल्या साली ते ती कधीच सांगायची नाही. मग एका शनिवारी छोटीशी स्क्रिप्ट लिहून १९४७ पासून १९५२ पर्यंतच्या श्रावण अमावास्या काढल्या. १९५० ला अधिक आषाढ, त्यामुळे पोळा पार सप्टेंबरात. १९४९ ची अमावास्या २३-२४ ऑगस्टला.

नोंद सापडली २४ ऑगस्ट १९४९ ला. आजोबांचं नाव, जात, गाव, आणि पुढे नुसतं "मुलगा". बारशाआधीची नोंद, त्यामुळे नाव नाहीच. म्हणजे आप्पांची पंच्याहत्तरी नऊ महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती आणि आम्ही शेवभाजीची तयारी करत होतो. हसू आलं. त्याच पानावर बोट खाली नेलं तर पुन्हा आजोबांचं नाव. अकरा दिवसांनंतरचं. "मुलगी, वय ३, कारण ताप." त्या वह्यांत जवळजवळ सगळेच तापाने जातात. मी दोन्ही नोंदींच्या नकला मागितल्या, का ते मलाही सांगता येणार नाही.

पार्टी छान झाली, म्हणजे फोटोंत. आप्पा बाहेर आले, ओटीवर लावलेले सहा कंदील बघितले आणि म्हणाले, "हाई कंदील कसाले रे भाऊ? लाईट शे ना." लाईट लावायला लावले. १९७२ हे दुष्काळाचं साल आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आमच्यासाठी ते बेलबॉटमचं साल. तेव्हा आप्पा तेवीस वर्षांचे होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होते. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, आणि कामावर वाटलेली सुकडी, हा त्यांचा सत्तरच्या दशकाचा मेनू. त्याबद्दल ते रागाने बोलले नाहीत. उलट सुकडीची चव बरी होती म्हणाले. बहिणीचा चेहरा मात्र उतरला. मला विचाराल तर थीम चुकली नव्हती, आम्ही ती अर्धीच वाचली होती.

जेवणं झाल्यावर, पोरं ट्रंकेवर बसून फोटो काढत असताना, मी त्यांना पाकीट दिलं. पहिली नक्कल त्यांनी चष्मा लावून वाचली. "एक वरीस मोठा निंघनू," म्हणाले आणि हसले. दुसरी वाचायला वेळ लागला. मग म्हणाले, मला माहीत होतं. मायने सांगितलं होतं, एकदाच. साल धरलं की ती आठवायची, म्हणून नुसता पोळा धरला.

मी विचारलं, नाव काय होतं तिचं?

त्यांनी खिशातलं पेन काढलं, नक्कल मांडीवर सपाट केली आणि "मुलगी" या शब्दापुढे नाव लिहिलं. मग वरच्या ओळीत "मुलगा" पुढे स्वतःचं. सरकारी नक्कल आहे, त्यावर लिहू नये, असं मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात नातू केक कापायला बोलवायला आला.

आधार कार्डावर अजून १ जूनच आहे. २२ ऑगस्टला पोळा होता, शुक्रवार होता, मी रजा टाकून शिरपूरला गेलो. पुरणपोळ्या होत्या. कंदील माळ्यावर परत गेले होते.