नान-खलिया : तुघलकाची देग आणि मिरचीची साक्ष

१/ दख्खनच्या पठारावर गारठा उतरला, की छत्रपती संभाजीनगरात वाफाळत्या खलियाची आणि तंदूरमधून नुकत्याच निघालेल्या नानची आठवण हमखास होते. मऊ शिजलेले मांस, दाट मसाला आणि वर तरंगणारी लाल तरी. या एका वाडग्यात इतिहासाचे किती थर आहेत, ते पाहू.

२/ शहरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस हलवली. त्याच्या लष्करासाठी मोठमोठ्या देगांत जे शिजले, तेच नान-खलिया.

३/ या कथेविरुद्ध पहिली साक्ष त्या लाल तरीचीच. मिरची मूळची अमेरिका खंडातील. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. मिरची भारतात आली ती त्यानंतर, पोर्तुगीजांमार्फत. तुघलक तर १३५१ मध्येच निवर्तला होता. म्हणजे त्याच्या सैनिकांनी आजच्या चवीचा खलिया खाल्लेला असणे अशक्य.

४/ मग कथा सर्वस्वी खोटी म्हणावी काय? तेही घाईचे ठरेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त ‘कलिया’ आढळतो : मांस, तूप, कांदा, मिरी, लवंग, वेलदोडे. मिरचीचा मागमूस नाही. पदार्थाचा सांगाडा जुना. लाल रंग मात्र नंतरचा.

५/ शिवाय माणसे खरोखरच आली होती. दिल्लीहून अधिकारी, विद्वान आणि सूफी दौलताबादेस आले. पुढे सुलतानाने परतीची मुभा दिली, तरी कित्येक जण इथेच रुजले. १३३७ मध्ये निवर्तलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आजही खुलताबादेत आहे.

६/ आणि ज्या शहराच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो, ते तेव्हा वसलेलेही नव्हते. मलिक अंबरने खडकी येथे शहर उभारले १६१० मध्ये, राजधानीच्या स्थलांतरानंतर तब्बल २८३ वर्षांनी.

७/ असे अन्यत्रही घडले आहे. थंडीत जपानी माणूस ज्या रामेनच्या वाडग्याकडे वळतो, त्याचे मूळ चिनी. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात ‘राईराईकेन’ हे उपाहारगृह निघाले, तेव्हा तिथले आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणले होते. आज रामेनला परके कोण म्हणेल?

८/ तात्पर्य, नान-खलियाचे सारे श्रेय एका सुलतानाला देणे सोपे आहे. परंतु त्यात दिल्लीहून येऊन इथेच राहिलेली कुटुंबे, मिरची आणणारे व्यापारी आणि देगेपाशी उभे राहून चव घडवणारे अनाम आचारी वगळले जातात. बखरीत त्यांची नावे नाहीत. पुढच्या वेळी नान रश्श्यात बुडवताना त्यांचीही आठवण असू द्यावी.