आगीनगाडी व पशुपक्षी : लोकगीतांतील प्रतिमा

मराठी स्त्रीगीते आणि कामगारगीते यांत आलेली विरहाची व वियोगाची सांकेतिक भाषा. तुलनेसाठी, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जुन्या ब्लूज गीतांत रेल्वे म्हणजे दक्षिणेतील कष्टांतून सुटका, तसेच माणूस दूर नेणारी शक्ती. साप, कोंबडा हे बहुधा शृंगाराचे सूचक. मराठीत गाडी व पशुपक्षी ही जोडी वेगळ्या घरातून आली.

जात्यावरच्या ओव्यांत मुलगा ‘राघू’ आणि मुलगी ‘मैना’. सासरी निघालेली मैना हे वियोगाचे रूढ रूप. पाखराच्या आडून बाई जे बोलते ते चारचौघांत बोलता येत नाही. बैलजोडी हे घरच्या भरभराटीचे चिन्ह. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे गाडी धावली आणि पुढे ‘आगीनगाडी’ही ओवीत शिरली. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे.

ब्लूजच्या सर्वांत जवळ जाते ती अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘माझी मैना’ ही छक्कड (तमाशातील एक गीतप्रकार). पोटासाठी मुंबईत आलेल्या नवऱ्याची गावी राहिलेली बायको म्हणजे मैना. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हीच मैना राज्याबाहेर ठेवल्या जाणाऱ्या मराठी मुलखाचे रूपक ठरली. खुद्द साठे मात्र लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर गाडीने नव्हे, पायीच मुंबईला आले होते. ओवीतील मैना घरातून जाते, छक्कडीतील मैना गावात थांबते. जाणारा येथे पुरुष असतो.