कुत्र्याच्या हृदयातील कृमी : एका दुर्लक्षित रोगाचा इतिहास (धागा)

१/ आमच्या आजोबांच्या शिरोळ तालुक्यातील शेतावर राजा नावाचा करवानी कुत्रा होता. उसात शिरलेल्या रानडुकरांना हुसकावून लावणे हे त्याचे काम. सातव्या वर्षी त्याला कोरडी ढास लागली. बांधाच्या टोकापर्यंत धावला तरी तो धापा टाकू लागे. पुढे अंग रोडावले, पोटात पाणी झाले आणि एका पावसाळ्यात तो गेला. घरात निदान झाले ते एवढेच : ‘दमेकरी झाला होता.’ इतिहासाच्या अभ्यासाकडे वळल्यावर, काहीशा योगायोगाने, याच लक्षणांचे वर्णन मी एका रोगाच्या नावाखाली वाचले. हार्टवर्म, म्हणजे हृदयातील कृमींचा रोग. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम रोगाचे स्वरूप. ‘डायरोफिलेरिया इमिटिस’ नावाचा सुतासारखा कृमी कुत्र्याच्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिण्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात राहतो. मादीची लांबी सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत भरते. तिची सूक्ष्म पिले रक्तात फिरतात. डास चावला की ती डासाच्या पोटात जातात, तेथे साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या चाव्यावाटे दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरात शिरतात. तेथून हृदयापर्यंत पोहोचून प्रौढ होण्यास सहा ते सात महिने लागतात. प्रौढ कृमी पाच ते सात वर्षे जगतो. म्हणजे रोग आत शिरतो एका पावसाळ्यात आणि दिसू लागतो कित्येक पावसाळ्यांनंतर. इतिहासात तो इतका काळ लपून राहिला, त्याचे मोठे कारण हेच.

३/ या कृमीची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इटलीतील. १६२६ मध्ये फ्रांचेस्को बिरागो या सरदाराने शिकारीवरील आपल्या ग्रंथात कुत्र्याच्या हृदयात आढळलेल्या कृमींचे वर्णन केले. त्याच वर्षी अहमदनगरचा मलिक अंबर मरण पावला. शिवरायांचा जन्म व्हायला अजून चार वर्षे होती. बिरागोने कृमी पाहिले खरे, पण ते दुसऱ्याच एका कृमीची पिले असावीत असा त्याचा समज झाला. डोळ्यांनी पाहणे आणि पाहिलेले समजणे यांत किती अंतर असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

४/ पुढे १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी या कृमीला ‘फिलेरिया इमिटिस’ असे शास्त्रीय नाव दिले. ‘इमिटिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय. नाव मिळाले, मात्र तो कुत्र्याच्या हृदयात पोहोचतो कसा, हे कोडे तसेच राहिले.

५/ आता कथा हिंदुस्थानात येते. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी आढळले. आपण ज्याला हत्तीरोग म्हणतो, त्याच्याशी संबंधित हे कृमी. लुईस तेथेच थांबले नाहीत. त्यांनी कलकत्त्याच्या भटक्या कुत्र्यांचे रक्तही तपासले आणि तेथेही रक्तातील कृमी सापडले. माणूस आणि रस्त्यावरचा कुत्रा एकाच सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी आले, ते तेव्हापासून.

६/ १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी माणसाच्या रक्तातील हे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे दाखवले. परंतु डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला लागण होते, अशी त्यांची समजूत होती. डासाचा चावा हाच मार्ग असेल, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०० मध्ये, इटलीतील ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याचा हृदयकृमी डासाच्या चाव्यातूनच पसरतो हे सिद्ध केले. बिरागोपासून मोजले तर यास २७४ वर्षे लागली.

७/ या काळात महाराष्ट्रात काय चालले होते? १८८६ मध्ये परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोडे, खेचरे आणि उंटांना होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाच्या रक्तजंतूला ग्रिफिथ इव्हान्स यांच्या सन्मानार्थ ‘इव्हान्सी’ हे नाव देणारे हेच स्टील. १८८८ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रक्तातील परजीवींची जाण असलेला हा माणूस परळला शिकवत होता. पण हृदयकृमीत डासाचा वाटा काय, हे उमगण्याआधीच, १८९१ मध्ये, तो निवर्तला.

८/ येथे एक सावधगिरी. आपल्याकडे कुत्र्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत. संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी मुधोळ हाउंड ही जात नावारूपाला आणली. मग जुन्या काळचा एखादा नामांकित कुत्रा ‘हार्टवर्मनेच गेला असावा’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. धाप, ढास आणि पोटातले पाणी ही लक्षणे इतर अनेक रोगांतही दिसतात. शवविच्छेदन किंवा रक्ततपासणी नसेल तर मेलेल्या प्राण्याचे निदान हा इतिहास ठरत नाही, तो केवळ तर्क असतो. आमच्या राजालाही हाच नियम लागू. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : कागदपत्रांत रोगाचे नाव नाही, एवढ्यावरून रोग नव्हता असेही म्हणता येत नाही.

९/ आता उपचारांचा इतिहास, आणि त्यात एक भारतीय नाव. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. १९४७ मध्ये त्यांच्या चमूने डायइथिलकार्बामाझिन, म्हणजेच हेट्राझान, हे औषध जगापुढे आणले. ज्या प्राण्यांवर ते आधी पारखले गेले, त्यांत हृदयकृमीची नैसर्गिक लागण झालेले कुत्रे होते. पुढल्याच वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले.

१०/ हेच औषध पुढे भारतातील हत्तीरोग नियंत्रणाचा कणा बनले. राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत आजही आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या खाऊ घालतात, त्यांत ही गोळी असते. विदर्भातील एखाद्या शेतकऱ्याचा पाय सुजण्यापासून वाचला असेल, तर त्या श्रेयात काही कुत्र्यांचाही वाटा आहे. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

११/ दुसरे औषध आयव्हरमेक्टिन. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतील एका जिवाणूपासून ते मिळाले. विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची कृमिनाशक शक्ती ओळखली. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले. १९८७ पासून कुत्र्यांना महिन्यातून एकदा दिली जाणारी हृदयकृमी-प्रतिबंधक गोळी म्हणून त्याचा वापर सुरू झाला. २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज हत्तीरोगाच्या तिहेरी औषधयोजनेतही आयव्हरमेक्टिन आहे.

१२/ प्रतिबंध सोपा, उपचार मात्र कठीण. प्रौढ कृमी मारण्यासाठी १९४० च्या दशकापासून आर्सेनिकयुक्त औषधे वापरली जात. त्यांतील अधिक सुरक्षित मेलार्सोमिनला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. धोका केवळ औषधाचा नसतो. मेलेल्या कृमींचे तुकडे रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन अडकतात; म्हणून उपचाराच्या काळात कुत्र्याला कित्येक आठवडे धावू न देता शांत बांधून ठेवावे लागते. कृमींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, हे कळल्यापासून त्यांना मारणारे डॉक्सिसायक्लिनही आधी दिले जाते. त्यामुळे कृमी दुर्बळ होतात.

१३/ आपल्याकडची स्थिती? भारतात हृदयकृमीच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडून येतात. दक्षिणेत आणि पश्चिमेत त्याचा भाऊबंद ‘डायरोफिलेरिया रेपेन्स’ अधिक आढळतो. तो कुत्र्याच्या त्वचेखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो. म्हणून रक्तात कृमी दिसले की लगेच हार्टवर्म, असे समजू नये. नेमकी जात तपासणीतच ठरते. पण कुत्रे आता ईशान्येतून मुंबई-पुण्याला आणि तेथून कोल्हापूरला सहज येतात, आणि डास तर पंचगंगेच्या काठी बारमाही आहेत.

१४/ कुत्रा पाळणाऱ्यांसाठी इतिहासातून निघणारे तीन धडे. एक : गोळी सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करावी. रक्तात पिले असताना हेट्राझान दिल्याने कुत्रे दगावल्याचा अनुभव जुना आहे. दोन : जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना त्याची लहान मात्राही घातक ठरते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. तीन : गोठ्याजवळचे साचलेले पाणी, उघडी टाकी आणि जुने टायर यांचा बंदोबस्त करावा. १९०० साली कळलेली गोष्ट अंगणात अमलात आणायला औषधाची गरज नाही.

१५/ राजा कशाने गेला हे मला कधीच कळणार नाही. त्याचे रक्त कोणी तपासले नाही, कारण तपासता येते हेच आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते. आता शेतावर दुसरा कुत्रा आहे. गेल्या महिन्यात त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतले. आजोबा आधी हसले, आणि मग दोरी धरून स्वतःच बरोबर आले.

१६/ आपल्या घरच्या, वाड्यातल्या वा वस्तीवरच्या कुत्र्यांविषयी वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल, आजारपणाच्या आठवणी असतील, एखाद्या जुन्या वहीत औषधाची नोंद असेल, तर खाली जरूर लिहा. प्राण्यांचा इतिहास अशाच नोंदींतून उभा राहणार आहे. पुढील धागा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयावर.