जगाचा अध्यक्ष कोण निवडणार?

‘छोडो भारत’ ठराव म्हटला की ८ ऑगस्ट १९४२ हा दिवस आणि मुंबईचं गवालिया टँक मैदान आठवतं. पण त्या ठरावात इंग्रजांना ‘चालते व्हा’ सांगण्यापलीकडे आणखी एक विचार होता. जगात शांतता नांदायची असेल, तर स्वतंत्र राष्ट्रांचं जागतिक संघराज्य हवं, असं त्यात म्हटलं होतं. स्वतःचं राज्य हाती नसलेली माणसं जगाच्या राज्याचा विचार करत होती!

मला ही कल्पना आवडते. पण मी तिला एकच साधा प्रश्न विचारतो. या संघराज्याचा प्रमुख निवडताना कोणाच्या मताला किती वजन द्यायचं? याचं उत्तर शोधायला आधीची तीन घरं बघू.

पहिलं घर अमेरिकेचं. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना दक्षिणेकडची राज्यं थेट निवडणुकीत मागे पडली असती. तिथले लाखो लोक गुलाम होते, त्यांना मत नव्हतं. मग तोडगा निघाला. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. त्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक प्रत्येक राज्याला. पुढे गुलामगिरी गेली, निर्वाचक मंडळ मात्र राहिलं. आज वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे सुमारे १ लाख ९२ हजार माणसं आहेत, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजार. २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. १९६९ साली प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर केली होती. पण १९७० मध्ये सिनेटमधल्या विरोधकांनी चर्चाच संपू दिली नाही आणि ती बारगळली. ज्यांना जुन्या वजनाचा फायदा, त्यांच्याच हाती दुरुस्तीची किल्ली!

दुसरं घर आपलं. घटना समितीत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, असं सुचवलं. ते मान्य झालं नाही. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना राष्ट्रपतीला साऱ्या देशाचा कौल द्यायचा, तर दोन सत्ताकेंद्रं उभी राहतील, ही भीती होती. म्हणून निवडून आलेले खासदार आणि आमदार मतदान करतात. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. उत्तर प्रदेशात २०८, महाराष्ट्रात १७५, केरळात १५२, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. गंमत म्हणजे ही लोकसंख्या १९७१ची आहे! ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांचं वजन घटू नये, म्हणून १९७६ मध्ये हे आकडे २००० पर्यंत गोठवले. मग ती मुदत आणखी वाढवली. आता २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तेच चालणार.

तिसरं घर संयुक्त राष्ट्रसंघाचं. सरचिटणीसाची नेमणूक आमसभा करते, पण सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरूनच, आणि तिथे पाच देशांना नकाराधिकार आहे. १९८१ साली एकट्या चीनने कुर्ट वाल्डहाइम यांना मतदानाच्या फेरीमागून फेरीत अडवलं. १९९६ मध्ये बुट्रोस घाली यांच्या बाजूने १४ मतं होती आणि विरोधात एकट्या अमेरिकेचं. तेवढं पुरलं. २०१६ साली उमेदवारांना प्रथमच आमसभेसमोर उघड प्रश्न विचारले गेले. सुधारणा चांगली, पण नकाराधिकार जागच्या जागी.

मग जागतिक सरकारात ‘एक माणूस, एक मत’ ठेवायचं? जगातल्या दर तीन माणसांतला एक भारतात किंवा चीनमध्ये राहतो. बाकीचे हे मान्य करतील? ‘एक देश, एक मत’ म्हटलं, तर लहानशा बेटाचं आणि आपलं वजन सारखं. १९५८ साली ग्रेनव्हिल क्लार्क आणि लुई सोन या अमेरिकी कायदेपंडितांनी मधला मार्ग सुचवला होता. लोकसंख्येप्रमाणे जागा वाढवायच्या, पण वरची मर्यादा तीसची. सर्वांत मोठ्या चार देशांना तेवढ्याच.

मला वाटतं, सूत्र कोणतंही असो, दर पंचवीस-तीस वर्षांनी ते पुन्हा तपासण्याचं बंधन पहिल्याच दिवशी लिहिलं पाहिजे. नाहीतर १७८७चा तोडगा आजही राज्य करतो.

पण नुसतं लिहून भागत नाही, हे आपणच दाखवलं आहे. आपण तारीख लिहिली आणि ती पुढे ढकलली. आता जनगणनेचे नवे आकडे आले की प्रश्न दारात उभा राहील. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, हैदराबादला किंवा पुण्याला, तुमच्या आमदाराच्या मताचं मूल्य बदलणार आहे. ज्यांचं तुलनेनं कमी होईल त्यांची समजूत कशी घालायची? हे एका देशातल्या राज्यांना जमलं, तरच १९४२च्या त्या ठरावातलं जागतिक संघराज्य उभारण्याची गोष्ट आपण जगाला तोंड वर करून सांगू शकू.